दाखवण्याचं काम

माझ्या पहिल्या पेरू सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन रकाने होते. डावीकडे पक्षी, उजवीकडे इंकांचे अवशेष. पहाटे पाच ते नऊ डावा रकाना, दहा ते चार उजवा. पत्रिका छापून हातात आली तेव्हा मला ती फार नेटकी वाटली होती. ज्याला पाखरांचं वेड आहे त्याला पाखरं मिळतील, त्याच्याबरोबर आलेल्या बायकोला, भावाला, मित्राला दगडी मंदिरं आणि शहरं बघता येतील, कुणाचे पैसे वाया जाणार नाहीत, असा हिशोब होता.

चौथ्या दिवसापर्यंत बारा जणांच्या दोन टोळ्या झाल्या. जेवायला वेगळी टेबलं, बसमध्ये वेगळ्या रांगा. पाखरांची टोळी मंदिरात शिरली की घड्याळ बघायची. अवशेषांची टोळी तळ्याकाठी गाडीतच डुलक्या घ्यायची. कुस्कोच्या सूर्यमंदिरात, कोरिकांचात, एक गृहस्थ भिंतीकडे पाठ करून अंगणातल्या तुरेवाल्या चिमणीचे फोटो काढत होते आणि त्यांच्या पत्नी मला विचारत होत्या, "पंधरा दिवस हे असंच चालणार का?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मनातून मीही डाव्या रकान्यातलाच होतो. 1950 च्या भूकंपात वरचा स्पॅनिश मठ ढासळला आणि आतल्या इंका भिंती उघड्या पडल्या, जागच्या हलल्या नाहीत, हे मी पाठ करून गेलो होतो आणि पाठ केल्यासारखंच सांगत होतो.

त्याला चौदा वर्षं झाली. करोनाची दोन वजा केली तर बारा हंगाम. मे ते सप्टेंबर हा तिथल्या डोंगरातला कोरडा काळ. त्यात एक गट, कधी दोन. माणसं बहुतेक पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूरकडची. अलीकडे अमेरिकेतली मराठी कुटुंबंही येऊन मिळतात. त्याआधी मी सह्याद्रीत गड दाखवायचो आणि हिवाळ्यात भिगवणला पाणपक्षी. दाखवणं हाच माझा धंदा. त्यात जे शिकलो ते बरंचसं चुकून शिकलो, म्हणून चुकांपासूनच सांगतो.

पहिली चूक उंचीची. लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानाने निघालं की सव्वा तासात माणूस कुस्कोला उतरतो, आणि कुस्को 3,400 मीटरवर. कळसूबाईच्या दुपटीहून उंच. राजगड ते तोरणा एका दमात चालणारी माणसं माझ्याबरोबर होती. आपल्याला काय होणार, अशा समजुतीत त्याच दुपारी मी सगळ्यांना साक्सायवामानला नेलं. शहराच्या डोक्यावर नागमोडी वळणांच्या तीन भिंती, पायऱ्यांसारख्या एकीच्या वर एक, आणि त्यांतले काही दगड शंभर टनांहून जड. तिथे चढताना साठीतल्या एका गृहस्थांना धाप लागली. ते म्हणाले, काही नाही, प्रवासाचा शीण. मीही तेच धरून चाललो. रात्री दोनला त्यांच्या खोलीतून फोन आला. ओठ निळसर झालेले, बोलताना शब्द तुटत होते. हॉटेलातला ऑक्सिजन लावला, डॉक्टर आले, आणि उजाडायच्या आत आम्ही त्यांना गाडीने उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरवलं, सुमारे पाचशे मीटर खाली. दुपारी ते उशाला टेकून बसले आणि वाटीभर सूप प्यायले. त्यांच्या पत्नी मला एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ते मला अजून लागून आहे.

तेव्हापासून माझा कोणताही गट कुस्कोत पहिली रात्र काढत नाही. विमानतळावरून थेट खोऱ्यात, ओयांतायतांबोला, 2,800 मीटरवर. पहिल्या दिवशी फक्त गावातल्या गल्ल्यांत फिरायचं. उंचीवरच्या गोळ्यांचं प्रत्येकाने घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे मिळतो. तो जरूर प्यावा, तरतरी येते, पण तो औषध नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. यलो फीवरची लस किमान दहा दिवस आधी टोचलेली हवी, कारण परतताना आपल्याच विमानतळावर तो दाखला मागतात. आणि चालण्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. या शेवटच्या नियमावर दर वर्षी कुणीतरी कुरकुरतं. मी तो बदललेला नाही.

दोन रकाने पुसले ते माझ्या तिथल्या जोडीदाराने. तो कुस्कोजवळच्या खेड्यातला, घरात केचुआ बोलणारा, बापजाद्यांची बटाट्याची शेती. पहिल्याच सहलीच्या सातव्या दिवशी आम्ही आब्रा मालागाच्या खिंडीत होतो, सुमारे 4,300 मीटरवर. पिवळ्या गवताच्या उतारावर एक काळा-पांढरा शिकारी पक्षी कोंबडीसारखा चालत, खडे उलटत किडे शोधत होता. माउंटन काराकारा. डाव्या रकान्यातल्यांनी कॅमेरे रोखले. उजव्या रकान्यातले थंडीमुळे गाडीतच. जोडीदाराने गाडीचं दार सरकवलं आणि आतल्यांना म्हणाला, "उतरा. हा तुमचा आहे."

मग त्याने सांगितलं. या पक्ष्याला कोरेकेंके म्हणतात. इंका सम्राटाच्या कपाळावर लाल लोकरीच्या गोंड्यांची पट्टी असे, तोच त्याचा मुकुट. आणि त्यात या पक्ष्याची दोन पिसं खोवलेली असत. दुसऱ्या कुणाला ती खोवायची मुभा नव्हती. गार्सिलासो दे ला वेगा याने हे लिहून ठेवलं आहे. तो 1539 मध्ये कुस्कोत जन्मला; आई इंका राजघराण्यातली, वडील स्पॅनिश. लहानपणी ऐकलेलं त्याने म्हातारपणी स्पेनमध्ये बसून लिहिलं.

सगळी गाडी उतरली. कोरिकांचात मला प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. त्या रात्री मी पत्रिकेतली मधली रेघ खोडली.

पुढच्या वर्षांत मी अशा जागा शोधत गेलो. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्या समोरच होत्या, मला दिसत नव्हत्या. साक्सायवामानला आता मी दगडांच्या वजनापासून सुरुवात करत नाही. 1536 मध्ये मांको इंकाने कुस्कोतल्या स्पॅनिशांना वेढा घातला आणि या भिंतींपाशी घनघोर लढाई झाली. इतकी माणसं पडली की प्रेतांवर कोंडोर उतरले. स्पेनच्या राजाने पुढे कुस्कोला जे मानचिन्ह दिलं, त्याच्या काठावर ते कोंडोर आहेत. हे ऐकल्यावर माणसं आधी आकाशाकडे बघतात आणि मग भिंतीकडे, आणि भिंतीकडे बघण्याची त्यांची नजर वेगळी झालेली असते.

अँडियन फ्लिकरचंही तसंच. हा सुतार पक्षी झाडं नसलेल्या पठारावर राहतो, म्हणून दरडीत किंवा खडकाच्या कपारीत बीळ करून घरटं करतो. तिकडे अशी लोककथा आहे की याला एक वनस्पती ठाऊक आहे, तिच्या रसाने दगड मऊ होतो, आणि इंकांनी ते गुपित याच्याकडूनच घेतलं. नाहीतर दोन दगडांच्या मध्ये सुरीचं पातंही जाणार नाही असे सांधे त्यांनी जुळवले कसे? मी ही कथा आवडीने सांगतो, आणि ती खरी नाही हेही तिथल्या तिथे सांगतो. त्यांच्याकडे लोखंडाची टाकी नव्हती. त्यांनी जास्त कठीण दगड हातात धरून ठोकून ठोकून, घासून, पुन्हा लावून बघून ते सांधे जुळवले. ओयांतायतांबोच्या मंदिराच्या शिळा नदीपलीकडच्या डोंगरातल्या खाणीतून ओढत आणल्या. काही वाटेतच राहिल्या. लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात. त्या शिळांपाशी मी थोडा वेळ थांबतो आणि काही बोलत नाही.

एका वर्षी नाशिककडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. मुलीने तिकीट काढून दिलेलं. पक्षी आणि इंका दोन्हींशी त्यांना देणंघेणं नव्हतं. माचू पिक्चूच्या शेतपायऱ्यांवर मी सम्राट पाचाकुती, 1450 चा सुमार वगैरे सांगत होतो. हे गुडघ्यावर बसून बांधाच्या बुडाकडे निरखून बघत होते.

"पाऊस किती पडतो इथं?"

"वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास."

"मग हा सगळा डोंगर खाली नदीत कसा नाही गेला? निचरा कुठाय?"

मला नीट सांगता येईना. जोडीदाराने सांगितलं: प्रत्येक पायरीच्या तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सगळ्यात वर पिकाची माती. पाणी मुरतं, झिरपतं आणि खालच्या पायरीला जातं. बागायतदारांचा चेहरा उजळला. उरलेला दिवस तेच बाकीच्यांना फिरवून दाखवत होते: हा पाट बघा, हा उतार बघा, सोळा हौद कसे एकाखाली एक घेतलेत. संध्याकाळी त्यांनी विचारलं, खत काय घालायचे हे लोक? मग मी किनाऱ्यावरच्या बेटांची गोष्ट सांगितली. तिथे पाणकावळ्यांच्या आणि इतर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचतात, ग्वानो; किनाऱ्यावरची शेती त्यावर पिकायची. गार्सिलासो लिहितो की इंकांच्या काळात विणीच्या हंगामात त्या बेटांवर पाय ठेवायलासुद्धा बंदी होती आणि पक्षी मारणाऱ्याला देहदंड होता. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. गावाचं खताचं दुकान जाळणाऱ्याला दुसरं काय करणार?" त्यानंतर लिमाला परतल्यावर समुद्रकाठच्या धक्क्यावर पांढऱ्या मिशांचा राखाडी इंका टर्न बघायला पहाटे सगळ्यात आधी तयार होऊन बसलेले तेच होते.

आता एक गोष्ट, जी सांगायला जड जाते. आब्रा मालागाच्या खिंडीखाली केन्युआच्या झाडांचे काही तुकडे उरले आहेत. ही पॉलिलेपिस जातीची झाडं. जगात सर्वांत उंचावर वाढणाऱ्या झाडांपैकी. वाकडी, बुटकी, कागदासारखी लालसर साल सोलत राहणारी, अंगभर शेवाळ. धुक्यातलं पाणी ती धरून ठेवतात. पिढ्यान् पिढ्या सरपणासाठी तुटत गेली. या झाडांखाली रॉयल सिन्क्लोडिस नावाचा तपकिरी पक्षी शेवाळाचे गठ्ठे उलथून किडे खातो. सगळ्या जगात तो काही शेकड्यांच्या पुढे उरलेला नाही. त्या दिवशी गटातल्या तिघांना तो लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी, म्हणून हवा होता. त्यासाठीच ते आले होते. दोन तास थांबूनही दिसेना. मी खिशातून स्पीकर काढला आणि त्याचा कॉल लावला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा.

तो आला. पंख उचलून फडकवत, आमच्या पायांपासून चार हातांवर, या दगडावरून त्या दगडावर ओरडत. त्याच्या हद्दीत कुणीतरी शिरलं आहे अशी त्याची खात्री झाली होती आणि तो त्या न दिसणाऱ्या पक्ष्याला हुसकत होता. फोटो उत्तम आले. माणसांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. आमच्यामागे रानात लाकडं गोळा करायला आलेली एक म्हातारी उभी होती. तिने जोडीदाराला केचुआत काही विचारलं. मी खोदून विचारल्यावर त्याने गाडीत सांगितलं, "ती म्हणाली, हा माणूस त्याला का छळतोय?"

इतक्या उंचीवर, त्या गारठ्यात, दिवसभर किडे वेचून रात्र काढणाऱ्या पक्ष्याची दहा मिनिटं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माहीत असून मी ते केलं. त्यानंतर मी कॉल लावलेला नाही, कुठल्याच पक्ष्यासाठी नाही. त्यामुळे काही गट माझ्याकडे यायचे थांबले. दुसरीकडे हमखास दिसतं, असं मला तोंडावर सांगितलं गेलं. दिसतं, हे खरं आहे.

त्या रानाचं पुढे चांगलंही झालं. कुस्कोचे जीवशास्त्रज्ञ कोन्स्तान्तिनो आउका चुतास यांनी 2000 मध्ये एकोआन ही संस्था उभी केली आणि गावोगावच्या लोकांना बरोबर घेऊन केन्युआची रोपं लावायला घेतली. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला. ही लागवड त्यांनी आयनी आणि मिंका या जुन्या रिवाजांवर उभारली: आज सगळं गाव तुझ्या कामाला, उद्या तू गावाच्या. जोडीदार मला आयनी समजावून सांगत होता तेव्हा मी म्हणालो, याला आमच्याकडे इर्जिक म्हणतात. त्याने तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला. आता खिंडीतून जाताना कोवळी केन्युआ दिसली की तो गाडीतून ओरडतो, "इर्जिक!" आणि नवी माणसं माझ्याकडे बघतात.

डोंगर संपवून आम्ही मानूच्या रानात उतरतो. ही उतरण मला सगळ्या सहलीत सर्वांत प्रिय. पाउकार्ताम्बो ओलांडून सुमारे 3,500 मीटरवरच्या खिंडीत पोचायचं आणि तिथून कच्च्या रस्त्याने मेघवनातून खाली, खाली, अमेझॉनच्या सपाटीपर्यंत. तासातासाला झाडं बदलतात, हवा बदलते, आवाज बदलतात. भारताच्या निम्म्याहून लहान असलेल्या पेरूत 1,800 हून अधिक जातींचे पक्षी का आहेत, ते या एका रस्त्यावर समजतं. मध्यावर टुंकीचं स्वयंवर भरतं. टुंकी म्हणजे पेरूचा राष्ट्रीय पक्षी, शेंदरी-लाल, डोक्यावरचा अर्धगोल तुरा चोचीवर उतरलेला. उजाडता उजाडता नर ठरलेल्या झाडांवर जमतात, गुरगुरतात, माना झुकवतात, आणि फिक्या तपकिरी माद्या येऊन बघून जातात. घरटं कड्यावर, ते बांधणं आणि पिलं वाढवणं एकट्या मादीचं. गटातल्या बायका हे ऐकून दर वेळी एकमेकींकडे बघतात.

खाली नदीकाठी मी दुसरा धडा घेतला, तो जाहिरातीचा. माझ्या पत्रकावर मकाव पोपटांचा फोटो होता: कोल्पावर, म्हणजे नदीच्या कापलेल्या मातकट दरडीवर, लाल-हिरव्या मकावांची झुंबड. खाली लिहिलं होतं, शेकडो मकाव नक्की पाहा. त्या वर्षी पहाटे साडेपाचपासून आम्ही आडोशात बसलो. सातला पाऊस आला. मकाव आले, उंच झाडांवर बसले, खाली बघत राहिले. साडेनऊला वरून एक शिकारी पक्षी गेला आणि सगळा थवा ओरडत उडाला, तो परत आलाच नाही. एक गृहस्थ संतापले. सहलीचा खर्च किती, सुट्टी कशी मिळवली, सगळं बोलले. त्यांचं चुकलं नव्हतं. 'नक्की' हा शब्द माझा होता.

त्या ओल्या आडोशात बसल्या बसल्या एका मुलीने विचारलं, पण ते माती का खातात? समुद्र इथून फार दूर, म्हणून पावसातून मीठ येत नाही, झाडपाल्यातही कमी. संशोधक सांगतात की त्या दरडीच्या मातीत सोडियम जास्त आहे आणि पोपटांना तेच हवं असतं. "म्हणजे आईच्या हातचं मीठ आठवून येतात," ती म्हणाली. मग बाकीचे प्रश्न सुरू झाले. दुपारी एका चंद्रकोरी तळ्यात, तिथे त्याला कोचा म्हणतात, पाच महाकाय पाणमांजरांचं कुटुंब दिसलं. माणसाएवढी लांब, गळ्यावर प्रत्येकाचा वेगळा पिवळट डाग. त्यांनी मासा धरला की काटे चावल्याचा कडकड आवाज तळ्यापलीकडून ऐकू येत होता. काठाच्या झुडपांत होआत्सिन धापा टाकत बसलेले. ते पाला अन्ननलिकेत आंबवतात, म्हणून त्यांच्या आसपास गोठ्यासारखा वास येतो. संतापलेले गृहस्थ संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले. नवीन पत्रकात 'नक्की' कुठेच नाही.

मार्च 2020 मध्ये माचू पिक्चू बंद झालं, ते नोव्हेंबरमध्ये उघडलं. आमची कामं त्यानंतरही बराच काळ बंद राहिली. जोडीदार गावी परतून बटाटे लावू लागला. मी पुण्यात घरी. तिथले पहाटेचे साडेपाच म्हणजे इथले दुपारचे चार. रोज चारच्या सुमारास फोन वाजायचा: त्याच्या शेताच्या बांधावरचा दोन मिनिटांचा आवाज. बोलणं काही नाही. आधी मला त्यात फक्त एक तुरेवाली चिमणी कळायची, त्याच्या भाषेत पिचितांका. मग वाऱ्याचा आवाज वेगळा काढता येऊ लागला, मग पाटाच्या पाण्याचा, मग दूरच्या उतारावरचा फ्लिकर. दोन महिन्यांनी मी आवाज ऐकून त्याला लिहू लागलो की आज तू खालच्या शेतात आहेस. इतकी वर्षं मी डोळ्यांवर कमावलं होतं. कान कधी उघडले नव्हते.

ते उघडले नसते तर सातारच्या बाईंना मी नाही म्हटलं असतं. निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवलेला, वय सत्तरच्या पुढे. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं अंधूक दिसतं. भाचीला घेऊन येणार होत्या. फोनवर म्हणाल्या, "तीस वर्षं मी मुलांना नकाशावर अँडीज दाखवला. मला दिसणार काही नाही, हे मला कळतं. तू मला घेशील का, तेवढं सांग."

मी हो म्हणालो आणि पुढचे कित्येक दिवस धास्तावून होतो. दाखवण्याचं काम करणाऱ्याने, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी करायचं काय?

ओयांतायतांबोला पहिल्या दिवशी बाईंनीच वाट काढली. ते गाव इंकांनी आखलेल्या गल्ल्यांवर अजून नांदतं. घरांच्या खालच्या भिंती इंकांच्या, वरच्या नंतरच्या, आणि गल्लीच्या कडेने दगडी पाटातून डोंगरचं पाणी वाहतं. पुराणस्थळांत भिंतींना हात लावू देत नाहीत आणि तेच योग्य. पण ही राहती गल्ली. बाई उजवा हात भिंतीला टेकवून चालू लागल्या. मध्येच थांबल्या. "इथे काम बदललं," म्हणाल्या. मी वाकून बघितलं. जुनी भिंत संपून पुढे मातीत बसवलेले दगड होते. त्या गल्लीतून मी तोवर पन्नास वेळा तरी गेलो असेन.

मग मी बोलण्याची पद्धत बदलली. "ते बघा" म्हणणं सोडलं. आधी दिशा, मग अंतर, मग आवाज कसा आहे ते, आणि मग गप्प बसणं. आगगाडीने उरुबांबाच्या काठाने जाताना टॉरेंट डक दिसली, खळाळत्या पाण्यात मधल्या खडकावर उभी. मी बाईंना नदीचा आवाज ऐकायला सांगितला आणि म्हणालो, या आवाजाच्या मधोमध एक बदक उभं आहे. त्यांनी डोळे मिटले आणि हसल्या. गटातल्या आणखी चौघांनी डोळे मिटलेले मी बघितले.

माचू पिक्चू म्हणजे म्हातारा डोंगर. आपल्या गडांच्या माचीशी या शब्दाचा काही संबंध नाही, पण मराठी माणसाच्या तोंडी तिथे माची हाच शब्द येतो, आणि सुळक्याच्या पोटाशी पसरलेली ती वस्ती बघून तो शोभतोही. 24 जुलै 1911 रोजी अमेरिकी अभ्यासक हायरम बिंगहॅम तिथे पोचला, तेव्हा काही शेतकरी कुटुंबं त्याच पायऱ्यांवर पीक घेत होती. एका मुलाने त्याला वाट दाखवली. त्यानंतर सगळ्या जगातून माणसं आली, नकाशे झाले, प्रत्येक दगड मोजला गेला. आणि त्या सगळ्या काळात पायऱ्यांच्या कडेच्या बांबूच्या बेटांत एक तपकिरी, छातीवर काळे ठिपके असलेला लहानसा पक्षी भर आवाजात गात होता, ज्याला शास्त्राच्या दफ्तरी नावच नव्हतं. 1985 मध्ये पक्षीतज्ज्ञ टेड पार्कर आणि जॉन ओ'नील यांनी त्याची नोंद केली: इंका रेन. पेरूबाहेर तो कुठेही नाही. पार्कर पक्षी आवाजावरून ओळखण्यासाठी नावाजलेला होता. 1993 मध्ये इक्वेडोरमध्ये रानाची पाहणी करताना विमान अपघातात गेला. हे मी बाईंना आदल्या रात्री सांगितलं होतं. नर-मादीच्या गाण्याबद्दल मात्र काही बोललो नव्हतो.

सकाळी धुकं होतं. दिसणाऱ्यांनाही काही दिसत नव्हतं. माणसं हिरमुसून धुकं हटायची वाट बघत होती. आता तिथे ठरलेल्या वेळेचं तिकीट आणि ठरलेली वाट असते, फार रेंगाळता येत नाही. बांबूच्या एका बेटाजवळ मी बाईंना वाटेच्या कडेला घेतलं. भाचीने हात धरला होता. पहिली पाच मिनिटं फक्त पाण्याचं ठिबकणं आणि मागून जाणाऱ्या बुटांचे आवाज.

मग ते सुरू झालं. भराभर, ठसकेबाज, सूर एकात एक गुंफलेले, संपतंय म्हणेपर्यंत पुन्हा. एकाच गळ्यातून येतंय असं वाटावं इतकं जुळलेलं. मी दुर्बीण लावली आणि पानापानातून फिरवू लागलो.

बाईंनी माझ्या बाहीला धरून मला थांबवलं. "दोघं आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "सवाल-जवाब चाललाय. एक माझ्या डाव्या हाताला, कमरेच्या उंचीवर. दुसरं त्याच्या जरा मागे, वर. आता ते वरचं खाली आलं."

मी त्या म्हणाल्या तिकडे दुर्बीण वळवली. बांबूचं एक पान हलत होतं. पक्षी मला अजून दिसला नव्हता.